बाणाच्या दोन्ही बाजू

फळ्यावर फक्त एक बाण उरला होता. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही, मधे एक लांब आडवा बाण, तोही बाईंनी सवयीप्रमाणे ठसठशीत काढलेला. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि त्या वर्गाकडे वळल्या. दहावीचा वर्ग खाली मान घालून तो बाण वहीत उतरवून घेत होता. कुणी हसलं नाही, कुणी चुळबुळ केली नाही. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं चुकीचं असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि या आंधळ्या विश्वासाचा बाईंना रागच आला. मेंढरं मेली, असं त्या मनाशी म्हणाल्या. उद्या मी फळ्यावर घराचा पत्ता लिहिला तरी खाली रेघ मारून उतरवून घेतील. तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेतून आवाज आला, "बाई, पण मग झालं काय?"

विचारणारी त्यांचीच मुलगी होती. पण शाळेच्या फाटकाच्या आत ती त्यांची कुणी नव्हती. ती या शाळेत आली तेव्हाच दोघींचा तसा करार झाला होता: फाटकाबाहेर आई, आत बाई. उगीच कुणी म्हणायला नको की पोरीला मार्क घरून मिळतात. पोर करार इतका काटेकोर पाळायची की एकदा मैदानावर गुडघा फुटला तेव्हा नाक ओढत "बाई, रक्त येतंय" म्हणत आली होती, आणि बाईंनीही तिला खेळाच्या बाईंकडे पाठवून तास पुढे चालू ठेवला होता. त्या दिवशी त्यांना पोरीचं कौतुक वाटलं होतं, थोडं स्वतःचंही. आज ती उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्यावर वर्गातल्या मुलीचा भाव नव्हता, घरातल्या मुलीचा होता. बाईंना तो बघवेना. "झालं काय म्हणजे?" त्यांनी वेळ काढण्यासाठी विचारलं.

"म्हणजे बाई, तुम्ही परवा परीक्षानळीत करून दाखवलं होतं. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी होती आणि एकत्र ओतल्यावर पांढरंफटक झालं. इथे तर सगळंच कटलं. काहीच झालं नाही असं झालं."

"डोळ्यांना पांढरं दिसतंय आणि कागदावर काही नाही, तर चूक कागदाची," बाई म्हणाल्या. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, दरवर्षी या धड्याला त्या ते बाहेर काढायच्या आणि दरवर्षी मागच्या बाकांवरून कुणीतरी त्यांच्या चालीत ते पुटपुटायचं. आज ते आपोआप तोंडातून आलं आणि त्यामुळे वेळ निभावली. "कुठे चुकलंय ते घरी शोधा. उद्याच्या चाचणीत येणार आहे." घंटा झाली. त्यांनी डस्टर न घेता तळहातानेच तो बाण पुसला आणि हाताला लागलेला खडू साडीला लागेल म्हणून हात अंगापासून लांब धरून त्या बाहेर पडल्या.

चूक काय होती हे त्यांना मुलगी बोलायच्या आधीच कळलं होतं, म्हणून तर घाम फुटला होता. निव्वळ आयनिक समीकरण हे काही मोठं शास्त्र नाही; ती एक शिस्त आहे. पाण्यात जे विरघळतं ते सुटं करून लिहायचं. जे साका होऊन तळाशी बसतं ते अख्खं ठेवायचं. मग दोन्ही बाजूंना जे जसंच्या तसं दिसतं त्यावर काट मारायची. ते बिचारे प्रेक्षक, आले तसे राहिले, त्यांनी काही केलं नाही. उरेल ते खरं घडलेलं. बेरिअम क्लोराईडमध्ये सोडिअम सल्फेट ओतलं की सोडिअम आणि क्लोराईड हे प्रेक्षक, बेरिअम आणि सल्फेट एकमेकांना घट्ट धरून खाली बसतात, आणि तेवढंच लिहायचं. बाईंनी आज उजवीकडे बेरिअम सल्फेटही तोडून सुटं लिहिलं होतं. अर्थात सगळं कटलं. ही चूक वर्गातली कच्ची मुलं करतात, आणि त्यांच्या पेपरात बाई लाल शाईने लिहितात, "साका कुठे गेला?" इतक्या वर्षांत त्यांच्याकडून ती कधी झाली नव्हती, आणि आज बेरिअम लिहितानाच झाली होती, याचं त्यांना आश्चर्य मुळीच वाटलं नाही. शाळेत येण्याआधी, सकाळी, त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टर मान खाली घालून लिहीत म्हणाले होते, "उद्या बेरिअम पाजून फोटो काढू. रिकाम्या पोटी या. आणि सोबत कुणाला तरी आणा." बाई रसायनशास्त्राच्या आहेत हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही. आपल्या विषयातला शब्द असा आपल्याच अंगावर आला होता. सोबत कुणाला तरी आणा, हे मात्र त्यांच्या डोक्यात दिवसभर ठणकत राहिलं. आणायचं कुणाला?

मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडून पुढ्यात ठेवला आणि उघडाच राहू दिला. खेळाच्या बाई समोरून ओरडल्या, "अहो, बारीक झालात किती! काय करता सांगा की आम्हाला पण. चेहरा कसा छान निघालाय." सगळ्या शिक्षिका हसल्या, बाईही हसल्या. हे कौतुक गेले काही महिने चाललं होतं, आणि ऐकायला वाईट वाटत नव्हतं हे त्यांना कबूल होतं. आधी पावाचा घास अडकायला लागला, मग बटाटा, मग भातसुद्धा छातीच्या मधोमध येऊन उभा राहायचा आणि पुढे सरकायला तयार नसायचा. आयुष्यभर काय कमी गिळलं होतं? राग गिळला, अपमान गिळले, मुख्याध्यापकांचे टोमणे गिळले, बोलायला आलेले शब्द तर ढिगाने गिळले, ते सगळं कसं सरसर उतरलं, आणि आता दुधात भिजवलेला पाव अडतोय. विनोद बरा होता, पण सांगायचा कुणाला? घरी हे कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बाईंना जेवताना घरात कुणी पाहतच नव्हतं. नवऱ्याची नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीची. फोन वाजला की उठायचं, कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मधे कुणीतरी अडकलेलं असायचं. तो येईल तेव्हा जेवायचा, मुलगी क्लासहून येऊन जेवायची, आणि बाई सगळ्यांचं आवरून स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या, पेपर तपासता तपासता. घास अडला की खोकला यायचा, कधी घास परत यायचा. तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या जेवायला लागल्या की नळ सोडून ठेवायच्या. भांडी घासतेय असं वाटावं.

संध्याकाळी घरी चालत जाताना त्यांनी नेहमीचा रस्ता सोडला आणि उगीचच लांबचा घेतला. औषधांच्या दुकानाशी त्या थांबल्या, काचेतल्या आरशासारख्या चकचकीत फळीत स्वतःचे हात त्यांना दिसले आणि बोटांवरच्या खडूने त्यांना दुसरेच हात आठवले, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे, काळी बोटं असलेले. त्याही दहावीतच होत्या तेव्हा. त्या दिवशी शाळेत सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग होता. मिठाच्या पाण्यात थेंब टाकला की दह्यासारखं पांढरं उतरायचं, आणि त्या इतक्या हरखल्या होत्या की नळी पुन्हा पुन्हा भरून पाहताना बोटांवर सांडलेलं त्यांना कळलंही नाही. त्या दिवसांत घरी आईला बरं नव्हतं. किती बरं नव्हतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. खोलीचं दार लोटलेलं असायचं, आतून हळू बोलणं यायचं, आणि "आईला काय झालंय?" असं विचारलं की वडील म्हणायचे, "काही नाही. तू अभ्यास कर." काही नाही. इतक्या मायेने म्हणायचे की त्यावर विश्वास ठेवला नाही तर तो वडिलांचा अपमान झाला असता. त्या दिवशी प्रयोगाचं सांगायला त्या धावत घरी आल्या आणि दाराबाहेर खूप चपला-बूट दिसले. आत आईला जमिनीवर, दक्षिणेकडे पाय करून झोपवलेलं होतं. मावशीने त्यांना जवळ घ्यायला हात पुढे केला आणि बोटं बघून म्हणाली, "अगं, हात केवढे काळे! जा आधी धुऊन ये." त्या नळाखाली हात धरून चोळत राहिल्या. साबण लावला, दगडाने घासले. सिल्व्हर नायट्रेटचा डाग धुऊन जात नाही. कातडी झिजते तेव्हाच तो जातो. बाहेर आईला उचलायची घाई चालली होती, त्यांना कुणीतरी हाका मारत होतं, आणि त्या घासत होत्या. वडिलांना त्यांनी कधी माफ केलं नाही. तसं बोलून दाखवलंही नाही. वडील चांगले होते, आपल्याला त्रास होऊ नये म्हणूनच त्यांनी लपवलं, हे त्यांना चांगलं कळत होतं, आणि कळत असूनही त्या म्हाताऱ्याच्या मायेची त्यांना शेवटपर्यंत चीड येत राहिली. आईशी एकदा तरी ठरवून, समजून बोलता आलं असतं. काय बोलल्या असत्या, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं.

घरी आल्या तेव्हा नवरा पायातले बूट न काढता खुर्चीत बसल्याबसल्या डुलक्या घेत होता. मुलगी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. फाटकाच्या बाहेर असल्यामुळे ती आता हक्काने वरच्या पट्टीत बोलली, "सापडलं! तू बेरिअम सल्फेट तोडलंस. ते विरघळतच नाही, तर तोडायचं कशाला? मुद्दाम केलंस ना? आम्हाला पकडायला?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग तुझा चेहरा का तसा झाला होता?"

"कसा?"

"मला काय माहीत. तसा." मुलीने पेनाचं टोपण चावलं. "बरं, मला सांग, बेरिअम विषारी ना? परवा तू कुणाला बाटलीला हात लावू देत नव्हतीस."

"क्लोराईड विषारी. ते पाण्यात सुटं होतं, पोटात गेलं तर रक्तात उतरतं. सल्फेट नाही. ते अख्खं राहतं. आत जातं तसं बाहेर येतं. म्हणून तर ते माणसांना पाजतात."

"माणसांना? कुणाला?"

बाईंनी एक खुर्ची ओढली आणि त्या मुलीसमोर बसल्या. इतक्या सरळ प्रश्नाला इतकं सरळ उत्तर होतं, दोन अक्षरांचं. "ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "एक्स-रेत ते पांढरं दिसतं. कुठे अडतं ते कळतं."

"चव कशी असते?"

"खडूसारखी, म्हणे."

"कोण म्हणे?"

फोन वाजला. नवरा दचकून उठला, "हो, हो, निघालोच, त्यांना म्हणावं दरवाजाला हात लावू नका," असं म्हणत त्याने हत्यारांची पिशवी उचलली. दारातून त्याने मागे वळून विचारलं, "तुला बरं नाही का?" त्याने विचारलं हे खरं. पण त्याचा एक पाय जिन्यावर होता, आणि कुठेतरी कुणीतरी अंधाऱ्या पेटीत उभं राहून त्याची वाट पाहत होतं; तिथे बाईंचा नंबर कुठून लागायचा? "दमलेय जरा," त्या म्हणाल्या. तो गेला. त्याचा राग यावा इतकाही तो वाईट नव्हता. पाणी कुणी समीकरणात लिहीत नाही, कंसात बारीक अक्षरात एक खूण करतात आणि सोडून देतात. सगळं मात्र त्यातच घडत असतं. या घरातली ती बारीक खूण म्हणजे आपण, असं त्यांना वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. कुणी लिहिलं नव्हतं हे खरं, पण त्यांनी तरी कधी लिहू दिलं होतं? मुलगी अजून त्यांच्याकडे बघत होती. "उद्या सकाळी मला जरा काम आहे," बाई उठत म्हणाल्या, "मी शाळेत उशिरा येईन. तू एकटी जा."

"कसलं काम?"

"काही नाही. असंच."

काही नाही. तेच दोन शब्द, तोच मऊ आवाज. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि काहीही न खाता त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. वडील असेच उभे राहत असतील का, आईच्या खोलीतून बाहेर येऊन, तोंडावर पाणी मारत? पोरीची चाचणी होऊ दे, वर्ष सरू दे, मग सांगू. वडिलांनीही असंच काहीतरी ठरवलं असणार. त्यांचंही काहीतरी सरायचं राहिलं असणार.

सकाळी मुलगी पाठीवर दप्तर टाकून त्यांच्याबरोबरच बाहेर पडली. कोपऱ्यावर ती शाळेकडे वळली आणि बाई दुसरीकडे. एक्स-रेची खोली थंड होती. पाठीशी बंद होणारा ढगळ झगा घालायला दिला होता, त्याची एक नाडी तुटलेली होती आणि बाई ती एका हाताने धरून होत्या. यंत्रावरचा माणूस बोलका होता. त्याने कागदी पेल्यात ते पांढरं घोळून दिलं, "लगेच पिऊ नका हं, तोंडात धरा, डॉक्टर सांगतील तेव्हा गिळा. लहान मुलं नाटकं करतात, तुम्ही काही करणार नाही." खरंच खडूसारखी चव होती. घट्ट, थंड, वर कसलातरी गोड वास मारलेला. आयुष्यभर हाताला लागलेलं आज तोंडात. डॉक्टर म्हणाले, "गिळा," आणि बाजूच्या पडद्यावर बाईंना स्वतःचा घसा दिसला. पांढरी रेघ सरळ खाली आली, जाड, ठसठशीत. छातीच्या मध्यावर आली आणि थांबली. वर साचत गेली, फुगत गेली, आणि खाली सुईच्या नेढ्यातून यावा तसा एक वेडावाकडा दोरा उतरायला लागला. त्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं, नुसता कुरतडल्यासारखा काळोख. बोलका माणूस बोलायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, "अजून एकदा प्या," आणि पुन्हा तेच झालं. वर्गात नळी धरून बाई विचारायच्या, काय दिसतंय? जे दिसतंय तेच सांगा, जे पुस्तकात आहे ते नको. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. वाटत होतं त्याहून भीती खूप साधी होती. बसायला खुर्ची हवी, एवढीच ती होती.

"रिपोर्ट डॉक्टर समजावतील," यंत्रावरचा माणूस आता फार अदबीने म्हणाला. "सोबत कोण आहे तुमच्या?"

"आहेत. बाहेर," बाई बेधडक खोटं बोलल्या. घरी एकट्या जाऊ, दुपारचा तास घेऊ, संध्याकाळी स्वयंपाक करू. नळ आहेच. पण तो माणूस भारीच कर्तव्यदक्ष निघाला. त्याने दार उघडून बाहेरच्या बाकाकडे हाक दिली, "बाईंच्या सोबत कोण आहे?"

"मी," आवाज आला.

रोज हजेरी घेताना ऐकलेला आवाज, पुढचं "बाई" न लावलेला. बाई नाडी धरून दारात आल्या. बाकावर मुलगी गणवेशात बसली होती, दप्तर मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. बाईंच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "चाचणी?"

"सुरू झाली असेल."

"तू इथे कशी आलीस?"

"कोपऱ्यावरून परत फिरले आणि तुझ्या मागोमाग आले. तू एकदाही वळून बघितलं नाहीस."

"पण तुला कुणी सांगितलं?"

"जेवताना नळ कोण सोडतं, आई?" मुलीचा आवाज फाटला आणि तिने तो पुन्हा सांधला. "मी रोज ऐकते. आधी वाटलं भांडी घासतेस. पण भांडी मीच घासते ना सकाळी." बाकावरच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हातारबाबांनी मान दुसरीकडे वळवली. मुलगी म्हणाली, "मग? आत झालं काय?"

काही नाही, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, त्यांना वडिलांचा आवाज होता आणि वडिलांची माया होती, आणि खरंच, या पोरीला आज तरी यातून वाचवावं असं त्यांना जिवापाड वाटत होतं. मुलगी त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "ओठाला पांढरं लागलंय तुझ्या."

बाईंनी जीभ फिरवली. खडू. ते दरवर्षीचं वाक्य मुलीने उच्चारलं नाही, पण तिने ते पाठ केलेलं होतं आणि ती वाट बघत होती. बाईंनी हाताने ओठ पुसले आणि पुसून बोटांकडे पाहिलं. मग त्या तशाच, त्या ढगळ झग्यात, बाकावर तिच्या शेजारी बसल्या.

"घास अडतो," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून. आधी पाव अडायचा, आता पाणीसुद्धा कधी कधी. आत्ता पडद्यावर पाहिलं मी. जिथे अडतं तिथे रस्ता जवळजवळ बंद झालाय, आणि कडा चांगल्या दिसल्या नाहीत. मी डॉक्टर नाही. पण मला दिसलं ते मी तुला सांगतेय."

मुलीने दप्तर मांडीवरून काढून खाली ठेवलं. बाई सांगत गेल्या, सुरुवातीपासून, मधलं काही न गाळता, आपल्या आईच्या खोलीचं लोटलेलं दारही त्यात आलं. मुलीचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत चालला होता. तो त्यांना दिसत होता. त्या थांबल्या नाहीत.